पाच स्क्रू आणि एक फाइल

आमच्या घरातला प्लेस्टेशन ४ (पीएस ४), म्हणजे सोनी कंपनीचा व्हिडिओ गेमचा कन्सोल, मी २०१६ साली पुण्यात घेतला, तेव्हा त्याच्यातली ५०० जीबीची हार्ड डिस्क आपल्याला जन्मभर पुरेल अशी माझी प्रामाणिक समजूत होती. खोक्यावर ५०० लिहिलेले असले तरी यंत्राने स्वतःसाठी राखलेली जागा वजा जाता हाती साधारण ४०८ जीबीच येतात, हे पहिल्याच संध्याकाळी कळले. या कन्सोलवर दुकानातून आणलेला खेळही ब्लू-रे चकतीवरून थेट चालत नाही, तर आधी तो सगळाच्या सगळा हार्ड डिस्कवर उतरवावा लागतो, हे त्यानंतर कळले. दोन थरांच्या ब्लू-रे चकतीवर ५० जीबी मावतात आणि चकती यंत्रात घातल्यावर येणारी अपडेट्स वेगळीच असतात, त्यामुळे आठ-नऊ मोठे खेळ झाले की घर भरते आणि नवा पाहुणा आला की जुन्या कुणाला तरी बाहेर काढावे लागते.

तरीही केवळ जागेसाठी मी पेचकस हाती घेतला नसता. मला खरा वैताग आणला तो ‘कॉपी’ या शब्दाने. पीएस ४ वर खेळाचे अपडेट डाउनलोड झाले म्हणजे काम संपत नाही; यंत्र जुना खेळ आणि नवा भाग एकत्र करून त्याची ताजी प्रत डिस्कवर लिहीत बसते. ज्या डिस्कवरून वाचायचे त्याच डिस्कवर लिहायचेही असते, आणि खेळ जेवढा मोठा तेवढीच मोकळी जागाही त्या वेळी लागते. अपडेट दोनशे एमबीचे आणि कॉपी पाऊण तासाची, असे आमच्याकडे अनेकदा झाले. मुलाला रविवारी सकाळचा एक तास खेळायला मिळतो; त्यातला पाऊण तास त्या निळ्या पट्टीकडे बघण्यात जाऊ लागला आणि “बाबा, अजून कॉपीच चाललंय” हे वाक्य घरात सर्वाधिक ऐकू येऊ लागले.

हे असे का होते, हे समजून घेण्यासाठी आत कोणती डिस्क आहे ते पाहावे लागते. पीएस ४ मध्ये लॅपटॉपमध्ये असायची तशी अडीच इंची, मिनिटाला ५४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क असते. सलग मांडलेली माहिती ती बऱ्यापैकी वेगाने वाचते; पण माहिती इकडेतिकडे विखुरलेली असली की वाचणाऱ्या काट्याला प्रत्येक तुकड्यासाठी जागा बदलावी लागते आणि चकती फिरून योग्य ठिकाणी येईपर्यंत थांबावे लागते. पीएस ४ आणि पीएस ५ या दोन्ही यंत्रांचे रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मध्ये पीएस ५ ची ओळख करून देताना केलेल्या भाषणात ही अडचण फार चांगली समजावून सांगितली होती. पीएस ४ च्या डिस्कवरून एक जीबी माहिती वाचायला सुमारे २० सेकंद लागतात, असा हिशेब त्यांनी दिला. काट्याची धावपळ टाळण्यासाठी खेळ बनवणारे एकच माहिती डिस्कवर पुन्हा पुन्हा लिहून ठेवतात हे सांगून त्यांनी ‘स्पायडर-मॅन’ या खेळाचे उदाहरण दिले. त्यातले काही तुकडे डिस्कवर तब्बल चारशे वेळा लिहिलेले आहेत. ओट्यापासून फडताळापर्यंतची फेरी वाचावी म्हणून मिठाची बरणी प्रत्येक फळीवर ठेवावी, तसा हा प्रकार आहे. चालणे वाचते, पण बरण्यांनीच फडताळ भरते. माझे ४०८ जीबी कुठे गेले याचे अर्धे उत्तर मला त्या भाषणात मिळाले.

एसएसडी म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारी चकती नाही आणि काटाही नाही, त्यामुळे कुठल्याही कोपऱ्यातला तुकडा जवळजवळ सारख्याच वेळात हाती येतो. म्हणून डिस्क बदलायची तर एसएसडीच घ्यायची, हे ठरले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ज्याला फक्त जागा हवी आहे त्याने यंत्र उघडण्याची मुळीच गरज नाही. मार्च २०१७ मध्ये आलेल्या ४.५० या आवृत्तीपासून पीएस ४ ला २५० जीबीपासून ८ टीबीपर्यंतची यूएसबी ३.० डिस्क बाहेरून जोडता येते आणि खेळ थेट तिच्यावर ठेवून चालवता येतात. बाहेरची ही डिस्क एसएसडी असली, तर खेळ उघडण्याचा वेग आत बसवलेल्या एसएसडीच्या जवळपास जातो. माझ्या मॉडेलला मात्र यूएसबीची दोनच तोंडे आहेत, दोन्ही पुढच्या बाजूला, आणि ती कायम कंट्रोलर चार्ज करण्यात गुंतलेली असतात. शिवाय बाहेर काहीही जोडले तरी मुख्य प्रणाली आणि सेव्ह केलेली माहिती आतल्या डिस्कवरच राहते, आणि माझी आतली डिस्क आता आठ वर्षांची झाली होती. हार्ड डिस्कचे वय झाले की ती बंद पडण्याआधी नोटीस देईलच असे नाही. त्यामुळे मी आतलीच बदलायचे ठरवले.

खरेदीसाठी तपकीर गल्लीत गेलो. पीएस ४ ला लागते ती अडीच इंची, साटा (डिस्क यंत्राला जोडण्याची एक ठरलेली पद्धत) जोडणीची, जास्तीत जास्त ९.५ मिलिमीटर जाडीची आणि किमान १६० जीबीची डिस्क. हल्लीच्या बहुतेक अडीच इंची एसएसडी ७ मिलिमीटरच्या असतात, त्यामुळे जाडीचा प्रश्न येत नाही. दुकानदाराने काउंटरवर आधी एक एम-डॉट-टू प्रकारची, च्युइंगगमच्या पट्टीएवढी एसएसडी ठेवली आणि “साहेब, हीच घ्या, दहापट फास्ट आहे” असे सांगितले. ती दहापट असेलही, पण पीएस ४ मध्ये ती बसवायला जागाच नाही. मग त्याने साटातलीच एक महागडी डिस्क पुढे केली. तिचाही उपयोग नव्हता, कारण मूळ पीएस ४ आणि पीएस ४ स्लिम या दोन्हींत साटाची दुसरी पिढी वापरली आहे, जिची कमाल गती सेकंदाला सुमारे ३०० एमबीच्या आसपास अडते. साटाची तिसरी पिढी फक्त पीएस ४ प्रो मध्ये आहे. दारच तीन फुटांचे असेल तर सहा फुटी कपाट आणून काय करणार? नाव ऐकलेल्या कंपनीची, पावती आणि वॉरंटी मिळणारी, त्यातल्या त्यात स्वस्त अशी एक टीबीची साधी एसएसडी मी घेतली. फारच स्वस्तात दोन टीबी देणाऱ्या अनोळखी नावांच्या नादाला मात्र लागू नये. आतली खरी क्षमता वेगळी आणि वर लिहिलेली वेगळी, असा माल बाजारात असतो.

आता मुख्य काम. डिस्क बदलण्याचे काम म्हणजे स्क्रू काढणे आणि लावणे, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते जुन्या घराचे सामान बांधण्यासारखे आहे. कुठली वस्तू नव्या घरी गेल्यावर पुन्हा विकत मिळेल आणि कुठली हरवली तर कायमची गेली, हे आधी ठरवावे लागते. खेळ परत मिळतात. चकतीवरचे चकतीवरून, प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानातून डिजिटल घेतलेले पुन्हा डाउनलोड करून. पण खेळातली प्रगती, म्हणजेच सेव्ह केलेली माहिती, फक्त आपल्या डिस्कवर असते. प्लेस्टेशन प्लसचे सभासदत्व असेल तर तिची प्रत कंपनीच्या सर्व्हरवर ठेवता येते. आमचे सभासदत्व केव्हाच संपले होते. मुलाने ठोकळ्यांनी जग बांधायच्या खेळात तीन वर्षे खपून एक अख्खे गाव वसवले आहे. त्यात आमच्या सोसायटीची पाण्याची टाकीसुद्धा आहे. ते गाव गेले असते, तर मला घरात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

क्वचित काही खेळही परत न मिळणारे असतात. ‘पी.टी.’ नावाचा भयपटासारखा एक छोटा खेळ ऑगस्ट २०१४ मध्ये फुकट उपलब्ध झाला आणि पुढच्या वर्षीच त्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला गेला. ज्यांनी तो डिस्कवरून पुसला त्यांना तो दुकानातून पुन्हा घेता आला नाही, आणि तो असलेले जुने पीएस ४ त्यामुळे चढ्या भावाने विकायला निघाले. आपल्या यंत्रावर असे काही दुर्मीळ असेल, तर खेळांसकट पूर्ण बॅकअप घ्यावा आणि जुनी डिस्क कधीही पुसू नये.

बॅकअपची सोय सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ या भागात आहे. फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली यूएसबी डिस्क जोडायची. विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस पद्धतीची डिस्क पीएस ४ ओळखत नाही. खेळ बॅकअपमध्ये घ्यायचे की वगळायचे, ते यंत्र विचारते. मी वगळले, कारण चारशे जीबी बाहेर न्यायचे आणि पुन्हा आत आणायचे यात दिवस गेला असता. वगळल्यावर सेव्ह, फोटो, चित्रफिती आणि सेटिंग्ज मिळून वीस जीबीच्या आत आटोपले. या बॅकअपमध्ये ट्रॉफी, म्हणजे खेळातले टप्पे गाठल्यावर मिळणारी डिजिटल पदके, मात्र येत नाहीत. त्या आधी प्लेस्टेशन नेटवर्कशी सिंक कराव्या लागतात. आमच्याकडे ट्रॉफीचा अभिमान फक्त मलाच असल्यामुळे ते काम मी सर्वांत आधी केले. त्याशिवाय मुलाच्या गावाचा सेव्ह मी वेगळ्या पेनड्राइव्हवरही उतरवला. एका प्रतीवर विसंबून राहायचे नाही, हा नियम मी नोकरीत नुकसान सोसून शिकलो आहे. वीज जाण्याचा वार आमच्या भागात गुरुवार आहे, म्हणून हे सगळे बुधवारी रात्री केले.

स्क्रूंबद्दल सांगण्यासारखे फार थोडे आहे, आणि तेच आश्चर्य आहे. यंत्र बंद करून सगळ्या केबल काढायच्या. माझ्या मॉडेलच्या वरच्या झाकणाचा डावा भाग वेगळा असतो. तो तळव्यांनी बाहेरच्या दिशेला सरकवला की निघून येतो. खाली एक मोठा स्क्रू दिसतो, ज्याच्या डोक्यावर त्रिकोण, वर्तुळ, फुली आणि चौकोन ही कंट्रोलरची चारही चिन्हे कोरलेली असतात. तो काढला की डिस्कची चौकट ओढून बाहेर येते. चौकटीच्या दोन बाजूंना मिळून चार स्क्रू असतात. ते काढायचे, जुनी डिस्क उचलायची, नवी त्याच दिशेला तोंड करून ठेवायची, चार स्क्रू लावायचे आणि चौकट परत आत सरकवायची. चौकटीच्या या चार स्क्रूंची डोकी मऊ असतात, म्हणून पेचकसाचे टोक नेमक्या मापाचे हवे आणि दाबून फिरवायला हवे. मला दहा मिनिटे लागली, त्यातली तीन आत साचलेली धूळ ब्रशने झाडण्यात गेली. यंत्र बनवणाऱ्यांनीच डिस्क बदलण्याची सोय ठेवली आहे. प्लेस्टेशन ३ पासून ही परंपरा आहे, आणि या बाबतीत त्यांचे कौतुक केले पाहिजे.

नव्या डिस्कवर अर्थातच काही नसते, अगदी प्रणालीसुद्धा नसते. ती आपण पेनड्राइव्हवरून द्यायची असते, आणि इथेच माझी संध्याकाळ वाया गेली. पेनड्राइव्हवर ‘पीएस४’ नावाचा फोल्डर, त्याच्या आत ‘अपडेट’ नावाचा फोल्डर, दोन्ही नावे इंग्रजीतल्या मोठ्या अक्षरांत, आणि त्याच्या आत प्रणालीची फाइल, असा क्रम असतो. हे सगळे मी काटेकोरपणे केले. कंट्रोलर केबलने जोडला, कारण या अवस्थेत तो बिनतारी चालत नाही. पॉवरचे बटण दाबून धरले. पहिला बीप लगेच होतो, दुसरा साधारण सात सेकंदांनी, आणि दुसरा ऐकल्यावरच बोट उचलायचे. सेफ मोड, म्हणजे दुरुस्तीसाठीचा मेन्यू, उघडला, प्रणाली नव्याने घालण्याचा सातवा पर्याय निवडला आणि यंत्राने उत्तर दिले की पुनर्स्थापनेची फाइल यूएसबीवर सापडत नाही.

मी फोल्डरांची नावे तपासली. पेनड्राइव्ह पुन्हा फॉरमॅट केला, मग दुसरा घेतला, मग दुसऱ्या तोंडात लावून पाहिला. मुलगा शेजारी बसून एकदाच म्हणाला, “बाबा, जुनी परत लावूया का?” आणि तो प्रश्न मला यंत्राच्या उत्तरापेक्षा जास्त लागला. रात्री साडेदहाला उलगडा झाला. प्रणालीच्या दोन वेगवेगळ्या फाइली मिळतात: एक चालू यंत्राला अपडेट करणारी, सुमारे अर्ध्या जीबीची, आणि दुसरी कोऱ्या डिस्कवर सगळी प्रणाली नव्याने घालणारी, सुमारे एक जीबीची. दोन्हींचे नाव अक्षरशः एकच आहे, आणि आपण कुठली घेतली हे नावावरून कळण्याची सोय नाही. ते कळते फक्त आकारावरून. मी घाईत वरचीच, लहान फाइल घेतली होती. दोन वेगळ्या कामांच्या दोन फाइलींना एकच नाव देण्यामागे काहीतरी तांत्रिक कारण असेलही. त्या रात्री ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. मोठी फाइल डाउनलोड करून लावल्यावर पुढचे काम दहा-पंधरा मिनिटांत झाले. मग सुरुवातीची सेटिंग्ज, मग बॅकअपवरून पुनर्स्थापना, मग यंत्राचे आपोआप बंद होऊन सुरू होणे. पाण्याची टाकी जागेवर होती.

दुसऱ्या दिवशी मी मोबाइलच्या घड्याळावर वेळा मोजल्या. जुन्या डिस्कच्या वेळा आधीच वहीत लिहून ठेवल्या होत्या. यंत्र पूर्ण बंद स्थितीतून सुरू व्हायला अर्धे मिनिट लागायचे, आता वीस सेकंद लागतात. मोकळ्या जगाचा एक मोठा खेळ उघडायला जवळजवळ दीड मिनिट जायचे, आता पन्नास सेकंद जातात. डिस्कचा वेग पाहता हा फरक कितीतरी अधिक असायला हवा होता, असे वाटेल. पण डिस्कवरून आलेली माहिती आवळलेली असते आणि ती उलगडून खेळात मांडण्याचे बरेच काम प्रोसेसरला करावे लागते. पीएस ४ चा प्रोसेसर आठ गाभ्यांचा असला तरी मूळ मॉडेलात तो जेमतेम १.६ गिगाहर्ट्झवर चालतो. भाजी झटकन आणून दिली तरी निवडणारा तोच आहे. चित्राचा दर्जा आणि खेळाची गती यांत तसूभरही फरक पडलेला नाही, आणि पडणार असे कुणी सांगत असेल तर ते खोटे आहे. मात्र वेगाने गाडी हाकताना समोरची घरे आधी चिखलासारखी आणि मग स्पष्ट दिसायची, ते बरेच कमी झाले. डिस्कची घरघर गेली, पंख्याची राहिली. पंखा अजूनही पिठाच्या गिरणीसारखाच चालतो.

आणि कॉपी? ज्या खेळाला पाऊण तास लागत असे, त्याचे परवाचे अपडेट बारा मिनिटांत कॉपी झाले. माझ्या मते सगळ्या खर्चाचे पैसे इथेच वसूल झाले. खेळ उघडण्यात वाचलेली तीस-चाळीस सेकंदे कौतुकाची असली, तरी दोन दिवसांत ती अंगवळणी पडतात. रविवारचा वाचलेला अर्धा तास मात्र दर वेळी जाणवतो.

ऑफिसातल्या एका मित्राने विचारले की उद्या पीएस ५ घेतला तर हीच एसएसडी त्यात बसेल का. आत बसणार नाही. पीएस ५ ची मूळ एसएसडी बोर्डावरच जोडलेली असल्यामुळे ती बदलता येत नाही, तिच्या जोडीला दुसरी बसवण्यासाठी वेगळी खाच दिलेली आहे आणि सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून ती वापरता येते. तिथे लागते ती चौथ्या पिढीची एनव्हीएमई (साटापेक्षा कितीतरी वेगवान जोडणी) प्रकारची एम-डॉट-टू एसएसडी, सेकंदाला ५५०० एमबी किंवा अधिक वाचणारी, आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीसह. तपकीर गल्लीतल्या दुकानदाराची ती च्युइंगगमची पट्टी या मापात बसत असेल, तर तिथे तिला न्याय मिळेल. माझी साटा एसएसडी यूएसबीच्या केसमध्ये घालून पीएस ५ ला बाहेरून जोडता येईल. तिच्यावरून पीएस ४ चे खेळ चालतील, पीएस ५ चे मात्र नुसते ठेवता येतील, खेळण्यासाठी आतच आणावे लागतील.

काढलेली ५०० जीबीची हार्ड डिस्क मी दोन आठवडे ड्रॉवरमध्ये तशीच ठेवली आणि प्रत्येक खेळाचा प्रत्येक सेव्ह उघडून पाहिल्याशिवाय तिला हात लावला नाही. मग एक यूएसबी ३.० चा केस आणून ती त्यात बसवली आणि नाशिकच्या भाच्याला पाठवून दिली; त्याच्या पीएस ४ स्लिमला जागा कमी पडत होती आणि त्याला वेगाशी काही देणेघेणे नव्हते. डिस्क जोडून फॉरमॅट झाल्यावर त्याने पहिला खेळ तिच्यावर हलवला, चकती घातली, अपडेट आले, आणि तासाभराने त्याचा फोन आला, “मामा, हे कॉपी किती वेळ चालतं?”